गिरगाव नावाचा ग्रह

परळच्या परीक्षा केंद्रासमोर, फ्लायओव्हरच्या सावलीत बसलेल्या आईबापांमध्ये सर्वांत घाबरलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी चिंतामणी टिपणीसांकडे बोट दाखवलं असतं. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले, डोळे मोबाइलमध्ये रुतलेले.

"पहिलंच असेल," एक बाई दुसरीला म्हणाली.

पहिलंच होतं आणि एकुलतं होतं. पण टिपणीसांना पेपराची भीती नव्हती. वैदेही वर तिसऱ्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पेपर सोडवत होती आणि ती तो नीट सोडवील अशी त्यांची खात्री होती. भीती वेगळीच होती. पेपर संपायच्या आत वैदेहीची राजधानी पडणार होती, आणि ती टिपणीसांच्या हातून पडणार होती.

प्रकरण दिवाळीनंतर सुरू झालं. वैदेही नववीपासून मोबाइलवर एक अवकाशातला खेळ खेळत असे. त्यात आपल्या मालकीचे ग्रह असतात. ग्रहावर धातू निघतो, धान्य पिकतं. त्याचं काय करायचं ते आपण ठरवायचं: घरं, विद्यापीठं, कोठारं बांधा, नाहीतर शिपयार्डात जहाजं बांधा. सगळं खऱ्या वेळेत चालतं. जहाज बांधायला दोन दिवस लागतात म्हणजे आपल्या कॅलेंडरावरचे दोन दिवस, आणि आपण झोपलो तरी शत्रू झोपतोच असं नाही. वैदेहीकडे तीन ग्रह होते. राजधानीचं नाव, ते राहत त्या वस्तीवरून, गिरगाव. दुसऱ्यावर पाणीच पाणी होतं म्हणून तो, पावसात तुंबणाऱ्या दादरच्या चौकावरून, हिंदमाता. तिसरा चिखलाचा, लांबचा, त्यावर एक शिपयार्ड सोडून काही नाही, म्हणून शिवडी.

बारावीच्या वर्षात हे परवडणारं नव्हतं. जेवताना विषय निघाला.

"बंद कर ते," टिपणीस म्हणाले.

"बंद केलं की आठवड्यात लुटून नेतात, बाबा. तीन वर्षं घालवलीयत मी त्यात."

"तेच म्हणतोय. तीन वर्षं घालवलीस."

"मग तू सांभाळ परीक्षेपर्यंत. मी हातसुद्धा लावणार नाही."

"सांभाळेल की," वैदेहीची आई ललिता आमटी वाढत म्हणाली. "नाहीतरी दिवसभर तुझ्या खुर्चीमागे उभा असतो. त्यालाही उद्योग होईल."

टिपणीसांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मुलगी अभ्यासाला बसणार होती. त्या दिवसांत त्यांनी तेवढ्यासाठी घरात हत्तीही सांभाळला असता. वैदेहीने त्यांच्या फोनवर खेळ घालून दिला, आपल्या फोनवरून काढून टाकला, आणि समोर बसवून अटी सांगितल्या.

"शिपयार्ड एक दिवसही बंद ठेवायचं नाही. आणि अनोळखी लोकांशी बोलायचं नाही."

"हे मी तुला सांगायचं असतं."

"बाबा, मी सीरियस आहे. पेपर संपला की गेटवरच फोन माझ्या हातात. जसं दिलं तसं परत. शब्द दे."

टिपणीसांनी शब्द दिला. वैदेहीनेही तिचा पाळला. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेबल. ठाकूरद्वारच्या त्या दोन खोल्यांत पंख्याचा आवाज तेवढा उरला.

पहिल्या रविवारी टिपणीसांनी गिरगावचा कारभार नीट पाहिला आणि ते हादरले. निघालेल्या धातूतला बहुतेक सगळा धातू जहाजांत चालला होता. लोक पत्र्याच्या घरांत राहत होते, विद्यापीठ एकच, तेही गळकं. ज्या घरात सगळा पगार मोटारसायकलींवर उडतो त्या घराचं पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी प्राधान्यक्रम बदलला. आधी घरं. मग शिक्षण. मग कोठारं, कारण माणसाने बेगमी करून ठेवावी. जहाजं काय, परीक्षेनंतरही बांधता येतील.

निकाल झटपट दिसला. लोकांच्या समाधानाची हिरवी पट्टी वर चढू लागली. दुसरं विद्यापीठ झालं, तीन वाचनालयं झाली. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की वर फिरत असलेली जुनी लढाऊ जहाजं नुसती देखभाल खातायत आणि इतक्या महिन्यांत कुणी हल्ला केलेला नाही. त्यांनी ती भंगारात काढली. मग मालवाहू जहाजं, कारण ती रिकामी उभी होती. शेवटी गिरगावचं शिपयार्ड पाडून तिथे बाग केली.

टिपणीस विमा कंपनीत आगीचे दावे तपासत. इतकी वर्षं आग लागली नाही म्हणून पॉलिसी बंद करणारी माणसं त्यांच्या टेबलासमोर रोज बसत, आणि घरी येऊन टिपणीस त्यांच्या गोष्टी रंगवून सांगत. तीच गोष्ट आपण करतोय हे त्यांना बागेला पाणी सुटल्यावर कळलं.

"कसंय गिरगाव?" वैदेहीने एकदा जेवताना विचारलं.

"छान. भरभराट आहे."

"जहाजं?"

"आहेत ना," टिपणीस म्हणाले, आणि भातात ताक ओतलं.

त्या घासापासून त्यांना भीती वाटू लागली. आधी फक्त वैदेही समोर ताटावर बसली की वाटे. मग कचेरीत वाटू लागली. जळालेल्या गोदामांचे फोटो पाहताना ते मध्येच फोन काढून गिरगावचं आकाश बघत. आकाश रिकामं होतं आणि रिकामं आकाशच त्यांना सर्वांत जास्त छळायचं. नवीन शिपयार्ड बांधायला घ्यावं तर ते परीक्षेच्या आत पुरं होत नव्हतं. शिवडीचं शिपयार्ड होतं. पण धातू सगळा गिरगावात, आणि तो न्यायला वाहन नव्हतं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, दुपारचा डबा उघडताना, त्या आकाशात एक लाल ठिपका आला.

टेहळणीचं जहाज होतं, एकच. मालकाचं नाव 'सम्राट ९९'. अनुभवी खेळाडूने तिकडे दुर्लक्ष केलं असतं. टेहळणीवाला लांबून बघतो, त्याला नक्की काही कळत नाही, आणि सावध माणूस असेल तर निघून जातो. पण टिपणीसांनी पंचवीस वर्षं कचेरीत काढली होती. त्यांनी अर्ज केला.

विषय, हल्ला पुढे ढकलण्याबाबत. स्वच्छ, मुद्देसूद इंग्रजीत त्यांनी सम्राटाला कळवलं, की सदर ग्रह आपल्या मुलीचा असून आपण फक्त काळजीवाहू आहोत. मुलीची प्रवेश परीक्षा परवा सकाळी आहे. ग्रहावर सध्या एकही लढाऊ जहाज नाही, शिपयार्ड कार्यरत नाही, कोठारं मात्र भरलेली आहेत. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. माहिती दडवली की अर्ज फेटाळला जातो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

उत्तर लगेच आलं. "कौन सा पेपर है अंकल?"

टिपणीसांनी सांगितलं.

"दीदी को ऑल द बेस्ट बोलना."

मुलगा चांगल्या घरचा दिसतोय, असं म्हणून टिपणीसांनी निर्धास्तपणे भाजी संपवली. हात धुऊन आले तेव्हा तीन आरमारं निघालेली होती. एक सम्राटाचं, दोन त्याच्या मित्रांची. खाली आकडा चालू झाला होता. तो परीक्षेच्या दिवशी, पेपर चालू असताना, शून्यावर येणार होता. त्यांनी पुन्हा लिहिलं. घाईत विषय लिहायचा राहिला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "सॉरी अंकल, इतना खुला माल कोई छोड़ता है क्या?"

आणि आता ते फ्लायओव्हरखाली बसले होते. शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र पसरून मांडी घालून बसले होते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या. मी बुद्धभूषण सकपाळ. इथलाच, परळचा. कस्टम्सला असतो. मुलगा आत आहे, अभय."

"टिपणीस. मुलगी."

"घाबरू नका हो एवढे. आपण खाली घाबरलो की त्यांना वर कळतं."

"कसं?"

"आई म्हणायची माझी. कसं ते तिने नाही सांगितलं." सकपाळ वाकले. "हे काय लाल लाल?"

"आरमार आहे."

"कुणाचं?"

"शत्रूचं."

सकपाळांनी क्षणभर टिपणीसांकडे पाहिलं आणि बाटली त्यांच्या आणखी जवळ सरकवली. मग टिपणीसांनी सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि या माणसाची पुन्हा गाठ पडण्याची शक्यता कमी होती. सकपाळांनी गंभीरपणे ऐकलं.

"म्हणजे जहाजं भंगारात?"

"देखभाल फार होती."

"आणि वाचनालयं बांधली."

"तीन."

"वाचनालयं चांगलीच हो," सकपाळ हळहळले. "पण मग माल तरी हलवायचा."

"मालवाहू जहाजंही काढली."

"ती का?"

"रिकामी उभी होती."

"साहेब, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं," सकपाळ म्हणाले, आणि यात थट्टा किती हे टिपणीसांना कळलं नाही.

समोर एक आई डोळे मिटून पुटपुटत होती. उसाच्या रसवाल्याची घंटा वाजत होती. टिपणीसांच्या तळहातातला फोन गरम झाला होता आणि बोटं गार पडली होती. त्यांना सारखं गेट दिसत होतं. ती बाहेर येणार, हात पुढे करणार. पेपर कितीही चांगला गेलेला असो, पहिलं वाक्य 'दे' हेच असणार. तीन वर्षं. तिने मागे एकदा वाढदिवसाला सायकल नको म्हणून सांगितलं होतं, आणि आपल्याला मुलगी शहाणी आहे असं वाटलं होतं. तेव्हा ती खरं तर हिंदमातावर दुसरी खाण उघडण्यात गुंतली होती. ते कधी विचारलंच नाही आपण. आणि आता तिला काय सांगायचं? खाली बागेत फुलं आली होती म्हणून?

पडद्यावर एक चौकट उघडली. 'शरण जाता का? तिन्ही ग्रह शाबूत राहतील. नावं कायम राहतील.'

टिपणीसांनी दोनदा वाचलं. छातीतला दगड हलला.

"दाबा की!" सकपाळ म्हणाले. "नावं कायम म्हणतोय. पोरीला काय कळतंय लगेच?"

"आठवडाभर तरी नाही कळणार."

"तोवर निकालाचं बघता येईल. दाबा, दाबा."

अंगठा हिरव्या बटणावर गेला. गेटवर फोन द्यायचा, ती बघणार, गिरगाव जागच्या जागी, लोक समाधानी. ती 'थँक्यू बाबा' म्हणणार. घरी जाण्याआधी दादरला, खऱ्या हिंदमाताच्या बाजारात, तिला ड्रेस घेता येईल. सगळं नीट होईल, निदान दिसेल तरी. चौकटीच्या तळाशी बारीक करड्या अक्षरात 'अटी' असं लिहिलं होतं. जगात कुणी ते दाबत नसेल. टिपणीसांनी दाबलं. ती सवय होती, त्यात शौर्य काही नव्हतं.

अटी लांब होत्या. ऊन फोनवर येत होतं, म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि वाचत राहिले. आकडा उतरत होता. मध्यावर कुठेतरी ते होतं: शरण आलेल्याची सर्व शिपयार्डं विजेत्याच्या ताब्यात, पुढे कुठलंही जहाज बांधताना विजेत्याची परवानगी घ्यावी लागेल, निर्णय मागे घेता येणार नाही.

टिपणीसांच्या डोळ्यांपुढे वैदेही आली. गेटवरची नाही, कुठल्याशा मंगळवारची, जेवण झाल्यावर कॉटवर पाय वर घेऊन बसलेली. शिवडीवर एक छोटंसं जहाज लावायला जाते, आणि फोन तिला सांगतो, सम्राटाला विचार. ती मान वर करते.

"काय झालं? दाबा ना," सकपाळ म्हणाले.

"नको."

"अहो, सगळं जाईल!"

"सगळं नाही. गिरगाव जाईल." टिपणीसांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. त्यांनी लाल बटण दाबलं आणि लगेच त्यांना वाटलं, की हे चुकलं.

तिन्ही आरमारं आली. आवाज नाही, काही नाही. विद्यापीठांचे दिवे एकेक करून गेले. कोठारांचे आकडे उलटे धावू लागले. समाधानाची हिरवी पट्टी मात्र शेवटपर्यंत भरलेली राहिली. लोकांना समाधानी ठेवण्यावरच सगळा खर्च झाला होता. मग ग्रह करडा झाला, पुन्हा उजळला, आणि त्याच्या खालचं नाव बदललं. 'बेस १४.'

सकपाळांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पेपर सुटला. अभय पहिल्या लोंढ्यात आला. सकपाळांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि जाता जाता टिपणीसांकडे, हॉस्पिटलातल्या पेशंटचा निरोप घ्यावा तसं बघितलं. लोंढा ओसरला. गेटवर पाच-सहा मुलं, मग दोन, मग कुणी नाही. टिपणीस उठून उभे राहिले. पायाला मुंग्या आल्या होत्या.

वैदेही सर्वांत शेवटी आली. चेहरा पांढरा. हात पुढे.

"दे."

"आधी पाणी पी."

"बाबा. दे."

त्यांनी दिला. ती पडद्यावर बघत राहिली, बोटाने आकाश इकडून तिकडे सरकवलं, परत आणलं.

"गिरगाव कुठंय?"

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"तिघं आले होते. मगाशी."

"जहाजं काय करत होती?"

'शर्थीने लढली' हे वाक्य टिपणीसांच्या जिभेवर तयार होतं. सकपाळ गेले होते, दुसरा साक्षीदार नव्हता.

"नव्हती," ते म्हणाले. "मी भंगारात काढली. संक्रांतीलाच. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो."

खाली खाली सरकवत ती निरोपांच्या पानावर पोचली आणि वाचू लागली. टिपणीसांना पळून जावंसं वाटलं. पन्नाशीचा माणूस भरदुपारी लालबागच्या दिशेने छत्री घेऊन धावत सुटला तर लोक काय म्हणतील, एवढ्याच विचाराने ते थांबले.

"हा अर्ज तू लिहिलायस?"

"हो."

"शत्रूला?"

"विनंती होती."

"जहाजं नाहीत, कोठारं भरलीयत, हे तू त्याला सांगितलंस?"

"माहिती दडवली तर–"

"बाबा!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. 'हळू बोल, लोक बघतायत' म्हणता आलं असतं. पण तिने तेवढंच म्हटलं आणि फुटपाथच्या कडेला, फ्लायओव्हरच्या खांबापाशी बसली. टिपणीसांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली.

"शरण जायचा बॉक्स येतो. आला नाही?"

"आला."

"मग का नाही गेलास? मला कळलं नसतं बरेच दिवस."

"शिवडीचं शिपयार्ड गेलं असतं. तुला जहाज बांधायला त्या मुलाची परवानगी घ्यावी लागली असती."

वैदेहीने पहिल्यांदा मान वर केली. "तू अटी वाचल्यास?"

"सगळ्या."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय आहे ते टिपणीसांना वाचता येईना. मग तिचा अंगठा फोनवर चालू लागला. शिवडी उघडलं, शिपयार्ड उघडलं.

"हिंदमातावर हे धान्य कशाला साठवलंस एवढं?"

"बेगमी."

"शी. हे विकून शिवडीवरच धातू घेता येईल थोडा. छत्री हलवू नकोस, पडद्यावर ऊन येतं."

टिपणीस हलले नाहीत. इतक्यात फोन वाजला आणि पडद्यावरच्या शिवडीवर ललिताचं नाव आलं. वैदेही दचकली. तिने फोन, हातात निखारा असावा तसा, बापाकडे दिला.

"तू बोल," ती म्हणाली. "मी नाहीय."

"काय रे," दादरच्या बँकेतून ललिता विचारत होती, "कसा गेला पेपर?"

टिपणीसांनी खाली बघितलं. वैदेही आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. कानाची पाळी लाल झाली होती. दिवाळीपासून त्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि ती गेटवर येऊन दहा मिनिटं झाली तरी त्यांनी तो प्रश्न तिला विचारला नव्हता.

"विचारलं नाही अजून," ते म्हणाले.

पलीकडून, अगदी सावकाश, "विचारलं नाहीस? चिंतामणी, काय झालंय? ती ठीक आहे ना?"

"ठीक आहे. बसलीय."

"तिथेच थांबा. मी येते."

फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"येतेय. टॅक्सीने."

वैदेहीने शेजारची फरशी हाताने झाडली.

"मग ती यायच्या आत बस इथे," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता, की टिपणीसांना वाकावं लागलं. "मला तुला पेपरचं सांगायचंय."

टिपणीस बसले. वरून गाड्या धडधडत जात होत्या आणि फ्लायओव्हरचा खांब पाठीला थरथरताना लागत होता.

"फिजिक्सला डोकं बंदच पडलं," वैदेही म्हणाली. "एकदम बंद. शेवटचे बरेच प्रश्न मी उघडलेच नाहीत. नुसती बसून होते. सगळे उठले तरी बसून होते."

'का' हा शब्द टिपणीसांच्या घशापर्यंत आला. मागोमाग 'किती' आला, आणि 'आता पुढे काय' आला. त्यांना इतकी भीती वाटत होती, की सकाळची भीती कशाची होती तेही आठवेना. त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि ती पूर्ण तिच्याकडे कलती केली.

"सांग," ते म्हणाले. "मी ऐकतोय."